अडीच सुताचा स्टड

सासऱ्याचं पोस्टकार्ड आलं तेव्हा टिकाराम गजभिये फर्स्ट शिफ्ट करून नुकताच भिलाईच्या कॅम्प-१ मधल्या आपल्या खोलीत शिरला होता. दाराच्या फटीतून आत पडलेलं कार्ड त्यानं आधी पायानंच बाजूला सारलं. त्याला कोण कशाला लिहील? मग ओळींखालच्या रेघा दिसल्या. सासरे धोंडबा यांना लिहिता येत नव्हतं. ते गावच्या मास्तरांकडून लिहवून घेत, आणि मास्तरांना प्रत्येक ओळीखाली रेघ मारायची खोड होती.

कार्डात चारच ओळी होत्या. रुक्मा दोन वर्षांपासून माहेरी आहे. दसऱ्यापर्यंत येऊन घेऊन जा. नाही आलात तर दसऱ्यानंतर पंच बसवून फारकत करू आणि पोरीचं दुसरीकडे पाहू. जय भीम.

दसऱ्याला सव्वीस दिवस होते.

दुसरा कोणी शहाणा असता तर त्यानं त्याच आठवड्यात पॉवर हाउस स्टेशनवरून पॅसेंजर धरली असती, भंडारा रोडला उतरून पवनीकडची मोटार पकडली असती आणि बायकोला घेऊन चौथ्या दिवशी ड्यूटीवर हजर झाला असता. टिकारामनं कार्ड तीनदा वाचलं, खिशात घातलं आणि तो मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. तिथं ताडपत्रीखाली त्याची फटफटी पडली होती. दोन वर्षांत त्यानं ती ताडपत्री उचलली नव्हती. जाताना रुक्मा अंगणाकडे बघून एवढंच म्हणाली होती, "हे उभी झाली का मंग या." नवरे बायकोची शंभर वाक्यं या कानानं ऐकून त्या कानानं सोडतात. या गड्यानं नेमकं हेच वाक्य दगडावरच्या रेघेसारखं धरून ठेवलं होतं. आणि ते धरून ठेवण्याचं कारण त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं.

टिकाराम सत्तावन्न साली भिलाईला आला. आदल्या वर्षी नागपुरात दीक्षा घेतली होती आणि गावातली जुनी कामं पुन्हा करायची नाहीत एवढं नक्की ठरलं होतं. आला तेव्हा कारखाना म्हणजे नुसती खोदलेली जमीन होती. तो खलाशी, म्हणजे फिटरचा मदतनीस म्हणून लागला, मग रशियन साहेबांच्या हाताखाली फिटर झाला. पाना कसा धरायचा इथपासून सगळं तो भिलाईतच शिकला, आणि रशियन शिकवणार म्हणजे सगळं मिलिमीटरमध्ये. आठचा बोल्ट, दहाचा बोल्ट, बाराचा बोल्ट. शेजारी पंजाबराव राहायचे. नागपूरच्या इंजिन-शेडमध्ये हयात घालवून आलेले जुने रेल्वेचे फिटर. त्यांचं सगळं मोजमाप इंचात आणि सुतात. आठ सुतांचा एक इंच. टिकाराम त्यांना हसायचा. "काका, तुमचं सूत गेलं अंगरेजासंगं," असं म्हणायचा, आणि म्हातारा विडी ओढत राहायचा.

फटफटी मात्र इंग्रजांची होती. लढाईच्या काळातली, एका सिलिंडरची, दांडगी. दल्ली-राजहराच्या खाणींकडे रेल्वेची लाइन टाकताना एका सर्व्हेअरनं ती रानावनातून पळवली होती. त्याची बदली झाली तेव्हा बंद पडलेली गाडी तो टिकारामच्या गळ्यात मारून गेला. टिकारामनं ती चालू केली. मग काय विचारता! दर दसऱ्याला नवरा-बायको नागपूरला, तिथून पवनीकडे, लग्नाकार्याला कधी गोंदिया तर कधी डोंगरगड. साधना झाली तेव्हा रुक्मा तिला पोटाशी बांधून मागे बसायची. गावात फटफटी शिरली की पोरं मागे धावायची आणि धोंडबा धोतर सावरत उगाचच मोठ्यानं खाकरायचे. मैलांचा आकडा नव्व्याण्णव हजारांवरून पुन्हा शून्यावर आला, त्या दिवशी रुक्मानं गाडीच्या टाकीला हात लावून म्हटलं होतं, "बिचारी, बाई मानसावानी राबते."

चौसष्ट सालच्या एप्रिलमध्ये इंजिन धूर ओकायला लागलं. कारखान्यात भट्टी पूर्ण थंड करून, खोलून, नवी करतात त्याला कॅपिटल रिपेअर म्हणतात. टिकारामनं रविवारच्या सुटीत घरच्या अंगणात तसलंच कॅपिटल रिपेअर काढलं. पहाटे उठून गाडी खोलली, काजळी खरवडली, व्हॉल्व्ह घासले, नव्या रिंगा घातल्या. दुपारी बारापर्यंत सगळं उरकत आलं होतं. सिलिंडर खालच्या पेटीवर चार स्टडांनी बसतं. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेली जाड सळई. त्यातला एक जुना स्टड तुटला. नवा अडीच सुताचा हवा होता. टिकारामच्या डब्यात कारखान्यातला आठ मिलिमीटरचा पडला होता. जाडीत फरक म्हणाल तर केसाएवढा.

कुंपणापलीकडून पंजाबरावांनी पाहिलं. "बाबू, अंगरेजाची गाडी हाये. तिच्यात मिलिमीटर घुसवू नोको. माह्यापाशी आटे पाडाचे टॅप हायेत, दोन घंट्यात करून देतो."

"राहू द्या काका. आठ म्हंजे आठ."

स्टड चार फेरे सहज गेला. मग अडला. टिकारामनं पान्याला पाइप लावून जोर केला, आणि एकदम पाना हलका झाला. ॲल्युमिनियमच्या पेटीतले आटे सगळे सोलून निघाले होते. भल्याभल्या भट्ट्या बांधणारा फिटर एका बोटभर सळईपुढं हात टेकून बसला. काकांना हाक मारायची तर जीभ उचलेना.

तीनच्या सुमारास रुक्मा साधनाला घेऊन बाहेर आली. पोरीला दोन दिवस खोकला होता. आता तिच्या गळ्यातून घरघर आवाज येत होता आणि ओठ निळे पडले होते. "फटफटी काढा जी," रुक्मा म्हणाली, "पोरीले दम घेता नाही येऊन राहिला." फटफटीचं सिलिंडर घमेल्यात पडलं होतं. टिकाराम रिक्षा शोधायला उन्हात पळाला. रविवारची दुपार, कॅम्पात एक रिक्षावाला नाही. पॉवर हाउसच्या बाजारातून एकाला झोपेतून उठवून आणला. दवाखान्यात पोहोचायला दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी साधना गेली. दीड वर्षांची होती.

तेराव्या दिवशी रुक्माचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. "गाडी खोललेली होती," एवढंच टिकाराम सगळ्यांना सांगत राहिला. ती दोनलाच जोडून उभी झाली असती, हे त्यानं रुक्माला सांगितलं नाही. पंजाबरावांशी बोलणंही त्यानं त्याच दिवसापासून सोडलं. ज्याला ठाऊक आहे त्याच्या डोळ्याला डोळा कोण देणार?

आणि मग दोन वर्षं. कारखान्यात हिंदी, मेसमध्ये तेलुगू, बाजारात छत्तीसगढी, साहेबांपुढं मोडकी रशियन. घरात शिरल्यावर जी भाषा बोलायची तीच बोलायला कोणी उरलं नव्हतं. कधी तो चुलीपुढं बसून स्वतःलाच विचारायचा, "जेवतं काय गा?" आणि आपल्याच आवाजानं दचकायचा. रविवार त्याला खायला उठायचा. तो इतरांच्या रविवारच्या ड्यूट्या मागून घ्यायचा, आणि लोक म्हणायचे, गजभिये कामाला वाघ आहे. वाघ कसला! घराला भ्यालेला माणूस होता.

आता कार्ड आलं आणि ताडपत्री उचलावी लागली.

खाली सगळं तसंच होतं. घमेल्यातलं सिलिंडर गंजून तांबडं झालेलं, धुराड्याच्या नळीत उंदरानं चिंध्यांचं घर केलेलं, दोन्ही टायर जमिनीला चिकटलेले. नट-बोल्टच्या डब्यात हात घातला तर त्यात एक चिंचोका सापडला. साधनाला मिळेल ते डब्यात टाकायची सवय होती. टिकारामनं तो चिंचोका शर्टाला पुसला आणि परत डब्यात ठेवला. त्या दिवशी त्याच्यानं पुढं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पंजाबरावांच्या दारात उभा राहिला. म्हातारा खाटेवर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी पावलांच्या आवाजावरून त्यानं ओळखलं.

"काका, इंचाचे टॅप हायेत काय तुमच्यापाशी?"

"हायेत," पंजाबराव म्हणाले. "दोन वर्सापासून तेल लावून ठेवले हायेत. मले वाटलं, तू लवकर येशीन."

म्हाताऱ्यानं खाटेखालून लाकडी पेटी ओढली आणि चाचपडत दोन टॅप काढून दिले. तिच्यातल्याच एका डबीत अडीच सुताचा जुना, पण खणखणीत स्टडही निघाला.

"मी कोनाले बोललो नाही," ते म्हणाले. "तुह्या बायकोलेही नाही."

"मी पन नाही बोललो."

"ते चुकलं तुह्यं," म्हातारा म्हणाला. "मी येऊ काय मदतीले?"

"नोको काका. हे मलेच कराचं हाये."

शिफ्टहून आलं की अंधार पडेपर्यंत टिकाराम अंगणात बसायचा. कारखान्याच्या शिस्तीनं त्यानं पुठ्ठ्यावर कामाची यादी लिहिली आणि पोत्यावर सुटे भाग ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं मांडले. सिलिंडर लेथवाल्याकडून घासून आणलं, त्याला बसतील अशा मोठ्या रिंगा पॉवर हाउसच्या दुकानातून हुडकल्या. चाकांचं ग्रीस दगड झालं होतं. ते रॉकेलनं धुतलं. साखळी दोन दिवस तेलात बुडवून ठेवली. क्लचच्या तारेला पुरता गंज चढला होता, ती बदलली. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची टोकं पॉलिश पेपरनं इतकी हलक्या हातानं घासली की कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हा पोराचं नाक पुसतोय. गिअरबॉक्सचं तेल काढलं तेव्हा ते चहासारखं पाणचट निघालं.

यादीतल्या एकेका कामावर काट बसत गेली. एक तेवढं राहिलं. ते भोक.

शेवटी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी त्यानं ते काम धरलं. सोललेलं भोक मोठं करायचं, त्यात पितळी बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, आटे पाडून बसवायचा, बुशच्या आत अडीच सुताचे आटे पाडायचे आणि मग स्टड. टॅप अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, मधे एक थेंब तेल. घाई केली की मेलं. सिलिंडर बसवून त्यानं नट कसायला घेतले. शेवटच्या पाव फेऱ्याला त्याचा हात थांबला. दोन वर्षांपूर्वी याच जागी पाना हलका झाला होता. त्यानं डोळे मिटून हात दिला. पाना जड झाला, आणखी जड झाला आणि पक्का बसला.

घड्याळात पाहिलं. सगळं मिळून दोन तास लागले होते. काकांनी सांगितले होते तेवढेच.

टिकारामनं पाना खाली ठेवला आणि तो ढसाढसा रडला. साधना गेली तेव्हा चार माणसांत रडला होता ते वेगळं. हे रडणं दोन वर्षं आत अडकून राहिलं होतं. त्या दिवशी एक हाक मारली असती तर तीन वाजता फटफटी दारात उभी असती. कुंपणापलीकडे म्हाताऱ्याच्या खाटेची करकर ऐकू आली; पंजाबराव उठून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. रडणाऱ्या माणसाला एकटं सोडायची अक्कल रेल्वेत शिकवत असावेत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे तो निघाला. खिशात पोस्टकार्ड होतं आणि तो आठ मिलिमीटरचा, आटे घासलेला स्टड. नव्या रिंगांवर गाडी पळवायची नसते. तीस मैलांच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही आणि दर वीस मैलांवर थांबून इंजिन निवू द्यायचं. त्यामुळं राजनांदगाव, देवरी, साकोली असं थांबत थांबत जावं लागलं. थांबला की मागची रिकामी सीट दिसायची. पूर्वी या थांब्यांवर रुक्मा शिदोरी सोडायची आणि इंजिनच्या गरम पात्यांवर भाकरी ठेवून हसायची, "पाहा, चूल आनली संगं." आता धानाची शेतं पिवळी पडत होती, रस्ता चांगला होता, इंजिन तर घड्याळासारखं चालत होतं आणि टिकारामला त्याचा काडीचा आनंद होत नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याला वाटत होतं, की गाडीचा आवाज ऐकूनच रुक्मा सगळं ओळखेल.

गावात शिरला तेव्हा दुपार कलली होती. पोरं मागे धावली. ती नवी पोरं होती, याला ओळखत नव्हती. धोंडबा ओसरीवर बसले होते. ते खाकरले नाहीत.

"आले जवाई," एवढंच म्हणाले. "मास्तरांचं कार्ड भेटलं म्हनावं."

"जय भीम मामाजी. भेटलं."

रुक्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली. वाळली होती. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, आणि ती तिशीचीही नव्हती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि फटफटीकडे पाहिलं. धोंडबा काय समजायचं ते समजले. बैलांना पाणी पाजायचं निमित्त काढून उठले.

टिकारामनं पाणी प्यायलं नाही. प्यायलं असतं तर सांगायचं राहून गेलं असतं, अशी त्याला भीती वाटली. त्यानं खिशातून स्टड काढून ओसरीवर ठेवला.

"त्या दिवसी गाडी दोनलेच उभी झाली असती, रुक्मा. मी हा चुकीचा स्टड घुसवला. काका नोको म्हनून राहिले होते, मी ऐकलं नाही. आटे गेले. मंग काकाले हाक माराची लाज वाटली. म्हनून गाडी खोललेली राहिली. पोरगी माह्या गुर्मीनं गेली."

सांगून झाल्यावर तो मान खाली घालून बसला. ती आता उठून आत जाईल आणि दार लावेल, एवढंच त्याला ठाऊक होतं. रुक्मा उठली नाही. तिनं विचारलं, "डॉक्टरनं तुमाले काई सांगतलं नवतं?"

"मले? नाही."

"मले सांगतलं होतं. तुमी औषध आनाले गेले होते तवा. घटसर्प होता म्हने. दोन दिवस आंदी आनली असती तर वाचली असती. दोन घंट्यानं काईच झालं नसतं, असं बोलले." तिचा आवाज फुटला. "तुमी ड्यूटीवर होते. खोकला मलेच दिसून राहिला होता. शेजारच्या बाया म्हने दवाखान्यात ने. मी म्हटलं, साधा खोकला हाये. हळद-दूध पाजत बसली मी."

टिकारामनं मान वर केली.

"मले वाटे, डॉक्टरनं तुमालेही सांगतलं असन," रुक्मा म्हणाली. "म्हनूनच तुमी घ्याले नाही येऊन राहिले. बापानं कार्ड लिवलं तवाही मी म्हटलं, ते नाही येत. कावून येतीन?"

"तूच म्हटलं होतं ना, फटफटी उभी झाली का या."

"जातानी काईतरी बोला लागते जी, म्हनून बोलली. तुमी एक शब्दही बोलून नवते राहिले."

दोन वर्षं. एक भिलाईत, एक पवनीकडे. एकाच लेकरासाठी दोघं दोन घरांत एकएकटे रडले होते, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला सगळं ठाऊक आहे. शंभर-सव्वाशे मैलांचा तर रस्ता. रोज दोन पॅसेंजर जात होत्या.

टिकारामनं तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायलं. मागून धोंडबांचा आवाज आला, ते बैलांना उगाच दटावत होते. रुक्मानं ओसरीवरचा स्टड उचलला, घासलेल्या आट्यांवरून बोट फिरवलं आणि तो लुगड्याच्या पदरात ठेवून घट्ट गाठ मारली.

"हे कावून घेतं?" टिकारामनं विचारलं.

"दोन वर्स तुमी एकट्यानं वागवलं," ती म्हणाली. मग तिनं गाठ तळहातावर तोलून पाहिली. "बारीकसा हाये, पन जड हाये जी."

"हो," टिकाराम म्हणाला. "लय जड हाये."